कॉकपिट रिकामं करायचं का?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत. आता ड्रोनचा जमाना आला, मग लढाऊ विमानात वैमानिक बसवायचा कशाला? नवीन वाचकांसाठी सांगते, मी हवाई दलात फायटर कंट्रोलर होते. रडारच्या पडद्यासमोर बसायचं आणि वर उडणाऱ्या वैमानिकाला दिशा, उंची, अंतर सांगत राहायचं, हे माझं काम. विमानं मी आयुष्यभर ठिपक्यांच्या रूपात पाहिली आणि त्या ठिपक्यांमधून येणारे आवाज कानात साठवले. उत्तरं त्या अनुभवातूनच देते आहे.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत तीन-चारशे ड्रोन सोडले. आपण मात्र एकेका विमानावर शेकडो कोटी घालतो आणि वर तरुण पोरांचे जीव पणाला लावतो. ड्रोन पडलं तर कुणाच्या घरी रडारड होत नाही. मग सगळी विमानं बिनवैमानिकाचीच का करत नाहीत?
– निवृत्त बँक अधिकारी, कोपरी, ठाणे (पूर्व)

काका, जिवाचा मुद्दा आधी घेते, कारण तोच सगळ्यात मोठा आहे आणि तुमचं त्यात बरोबर आहे. २७ मे १९९९ ला कारगिलमध्ये आपली दोन विमानं गेली. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पकडले गेले, स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा परत आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, त्यातले चौघं गेले. तेव्हा मी नवी होते. ऑप्स रूममध्ये त्या दोन दिवसांत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शत्रूच्या खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात जाऊन डोंगरातले मोर्चे हुडकायचे, हे काम आज माणसाकडून करून घेणं मला गुन्हा वाटेल. तिथे ड्रोनच पाठवला पाहिजे.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. २०१९ च्या फेब्रुवारीत अभिनंदन पाकिस्तानच्या हातात सापडले, तेव्हा ते वाघा सीमेवरून परत येईपर्यंत अख्खा देश श्वास रोखून होता आणि दोन्ही सरकारांच्या मानेवर तलवार होती. त्याच वर्षी २० जूनला इराणने अमेरिकेचा ग्लोबल हॉक ड्रोन पाडला. शंभर दशलक्ष डॉलरच्या वरचं यंत्र होतं ते. अमेरिकेने उलट हल्ल्याची तयारी केली आणि ऐन वेळी थांबवली. हल्ल्यात दीडशे माणसं मरतील असं अध्यक्षांना सांगण्यात आलं होतं आणि एका ड्रोनसाठी इतके बळी घेणं त्यांना प्रमाणाबाहेर वाटलं. पायलट मेला असता तर ते थांबले असते का? मला नाही वाटत. ड्रोनच्या बाजूने यापेक्षा भक्कम मुद्दा माझ्या माहितीत नाही.

पण पैशाचं गणित तुम्ही मांडलंत तसं नाही. तुम्ही बँकेतले, म्हणून आकडेच देते. अमेरिकेकडून आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार केला, १५ नौदलाला, ८-८ भूदल आणि हवाई दलाला. सगळं मिळून सुमारे ३२ हजार कोटी. म्हणजे एका ड्रोनमागे हजार कोटींच्या आसपास. त्यात जमिनीवरची नियंत्रण केंद्रं, शस्त्रं, देखभाल हे सगळं आलं, हे खरं. तेजस मार्क-१ए ची ८३ विमानं आपण २०२१ मध्ये सुमारे ४८ हजार कोटींना मागवली, म्हणजे एका विमानाला सहाशे कोटींच्याही आत. दोन करारांत काय काय धरलंय ते वेगळं आहे, त्यामुळे रुपयाला रुपया अशी तुलना करता येणार नाही. पण वैमानिक काढला की विमान स्वस्त होतं, हा समज तेवढ्यानेही गळून पडतो. लांब उडायचं, उंच उडायचं, रात्री बघायचं, उपग्रहावरून बोलायचं म्हटलं की पैसा लागतोच. आणि असा महाग ड्रोन सावकाश उडतो. येमेनच्या हुथींनी २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवड्यांच्या आत अमेरिकेचे सात रीपर, म्हणजे याच एमक्यू-९ घराण्यातले ड्रोन पाडले. हुथींकडे काही जगातली अव्वल हवाई संरक्षण यंत्रणा नाही.

तुम्ही म्हणता ते स्वस्त ड्रोन वेगळे. ८ मेच्या रात्री सीमेवरच्या ३६ ठिकाणी ते आले. आपल्या सरकारनेच सांगितलं की आपली रडारं कुठे आहेत, तोफा कुठून सुटतात, हे चाचपून बघायचा त्यांचा हेतू असावा. कंट्रोलर म्हणून मला हे पटतं. अचानक पडदा ठिपक्यांनी भरून गेला, तर कोणत्या ठिपक्याकडे बघायचं याचाच गोंधळ होतो. पण त्या तीन-चारशे ड्रोनांनी लढाईचा निकाल फिरवला नाही. १० मेच्या पहाटे पाकिस्तानचे हवाई तळ ज्या माऱ्याने हादरले, तो आपल्या लढाऊ विमानांनी हवेतून सोडलेल्या अस्त्रांचा होता आणि त्या विमानांत माणसं बसलेली होती.

शेवटचा मुद्दा, थोडा इतिहासातला. एप्रिल १९५७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका काढली. आता क्षेपणास्त्रांचं युग आलं, वैमानिकाच्या लढाऊ विमानांचे दिवस संपत आले, असा तिचा सूर होता. कितीतरी विमानांचे प्रकल्प त्यांनी तिथल्या तिथे बंद केले. त्याला सत्तर वर्षं होत आली आणि ब्रिटन आजही नवं लढाऊ विमान बनवायच्या खटाटोपात आहे. आपलं बघा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वॉड्रनच्या, म्हणजे तुकड्यांच्या, जागी आपल्याकडे २९ राहिल्या. ही तेरा स्क्वॉड्रनची तूट ड्रोनने भरून निघेल असं कुणी सांगत असेल, तर त्याला आधी विचारा, तो ड्रोन शत्रूच्या लढाऊ विमानासमोर किती वेळ टिकेल?

माझं म्हणणं सरळ आहे. टेहळणी, पहारा, रडारवरचा पहिला घाव, जिथे माणूस मरायचीच शक्यता जास्त अशी सगळी कामं ड्रोनला द्या, आणि आज देतोय त्यापेक्षा कितीतरी जास्त द्या. पण समोर काय आहे याची खात्री नाही आणि काही सेकंदांत मारायचं की सोडायचं हे ठरवायचं आहे, तिथला माणूस काढू नका.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, एआयने सिम्युलेटरमध्ये एफ-१६ च्या पायलटला ५-० ने हरवलंय. माणसाला ९ जीच्या वर सहन होत नाही, मशीनला होतं. जॅमिंगचा (शत्रूने ड्रोनची रेडिओ लिंक अडवण्याचा) प्रश्न असेल तर ड्रोनला स्वतः निर्णय घेऊ द्या, लिंक लागणारच नाही. मग अडलंय कुठे?
– विद्यार्थी, कोपरखैरणे

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू अभ्यास केला आहेस, म्हणून तुला सविस्तर उत्तर द्यायला आवडेल.

५-० खरं आहे. ऑगस्ट २०२०, अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने घेतलेली स्पर्धा. फक्त त्या सामन्यात प्रोग्रॅमला समोरचं विमान कुठे आहे, किती वेगात आहे, हे क्षणोक्षणी अचूक कळत होतं. खऱ्या आकाशात ही चैन कुणालाच नसते. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये एक्स-६२ए या खऱ्या विमानात एआय बसवून माणसाच्या एफ-१६ शी लढवलं गेलं, तेही जमलं. पण त्या विमानात दोन सेफ्टी पायलट बसलेले होते. त्यांना हस्तक्षेप करावा लागला नाही, हे एआयचं मोठं यश, आणि ते मी मनापासून मानते.

९ जीचंही तुझं बरोबर. ९ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर. त्यात सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोचा होतो, जी-सूट हा खास पोशाख पोटऱ्या आवळतो आणि तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. आरटीवर, म्हणजे रेडिओवर, मी तो आवाज ऐकलाय. वैमानिक वळणात असताना शब्द दातांतून येतात, मध्येच श्वास कोंडतो. पण आजची बरीचशी लढाई नजरेपलीकडे, क्षेपणास्त्रांनी होते. तिथे कोण किती जोरात वळतो यापेक्षा कोणाला आधी दिसलं आणि कोणाला आधी कळलं, याला किंमत जास्त.

आता लिंक, म्हणजे ड्रोन आणि त्याला चालवणारा यांच्यातला दुवा. आज उपग्रहावरून चालणाऱ्या मोठ्या ड्रोनला आज्ञा पोचायला आणि चित्र परत यायला मिळून सेकंद-दीड सेकंदाचा उशीर होतो. म्हणून उड्डाण आणि लँडिंग बहुधा धावपट्टीजवळ बसलेली दुसरी टीम थेट रेडिओवर करते. युक्रेनमध्ये जॅमिंग इतकं झालं की दोन्ही बाजूंनी छोट्या ड्रोनला किलोमीटरच्या किलोमीटर फायबर ऑप्टिकची तार बांधली. शेतांत ती तार कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली दिसते. तू म्हणतोस, लिंकच काढून टाका. काढली, तर गोळी झाडायचा निर्णय यंत्राने एकट्याने घ्यायचा. माझं अडतं ते इथे.

एक प्रसंग सांगते, ठिकाण सांगणार नाही. पश्चिम सीमेकडचा सेक्टर, दुपारची वेळ. पडद्यावर एक ठिपका उमटला. हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स नंबर कुठल्याच यादीशी जुळेना, आयएफएफवर, म्हणजे आपलं की परकं ते ओळखणाऱ्या यंत्रणेवर, उत्तर नाही, रेडिओवर हाक मारली तर शांतता. वेग दोनशे-सव्वादोनशे नॉट आणि रोख आपल्या तळाकडे. ओआरपीवरची, म्हणजे धावपट्टीजवळ सज्ज उभी असलेली, लढाऊ विमानांची जोडी सोडली. मी जोडीच्या लीडरला अंतर देत होते: वीस मैल, पंधरा, दहा. कागदावरच्या प्रत्येक कसोटीत तो ठिपका शत्रू ठरत होता. एखादा नियमावलीवर चालणारा प्रोग्रॅम असता, तर त्याच्या खात्यात सगळ्या चौकटींत टिक झाली असती. लीडर बाजूला गेला आणि म्हणाला, "दोन पंख्यांचं आहे. सिव्हिल. खिडक्यांत माणसं दिसतायत." मग थोडं थांबून, "एक पोरगं हात करतंय." त्या विमानाची वीज गेली होती, रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला ओळख कळवणारं यंत्र) दोन्ही बंद. आमच्या लीडरने पंख हलवून खूण केली, त्याच्या वैमानिकाने पंख हलवून उत्तर दिलं आणि मागोमाग येऊन ते सुखरूप उतरलं.

तू विचारशील, कॅमेऱ्याला ते पोरगं दिसलं नसतं का? दिसलं असतं. पण २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनचा कॅमेरा तासन्‌तास एका पांढऱ्या टोयोटावर रोखलेला होता. त्या चित्रातून गाडीत स्फोटकं आहेत असा अर्थ काढला गेला. हल्ल्यात दहा नागरिक गेले, त्यात सात मुलं. १७ सप्टेंबरला अमेरिकेने जाहीरपणे चूक मान्य केली. तिथे निर्णय माणसांनीच घेतला होता, हे मी विसरत नाही. पण ती माणसं लांब पडद्यावर बघत होती, आणि पडद्यावर जे शोधायला बसावं तेच दिसू लागतं. पडद्यासमोर मीही बसले आहे, म्हणून हे ठामपणे सांगते. बाजूला जाऊन, गरज पडली तर एक वळसा आणखी घालून बघणारा वैमानिक ही माझ्या दृष्टीने चैन नाही.

तुझ्यासारख्यांना काम भरपूर आहे. डीआरडीओच्या 'स्विफ्ट' या बिनवैमानिकाच्या जेट नमुन्याने १ जुलै २०२२ ला चित्रदुर्गला स्वतःच्या स्वतः उड्डाण करून, उतरून दाखवलं. एचएएल ही सरकारी विमान कंपनी 'कॅट्स वॉरियर' बनवतेय, तेजससारख्या विमानासोबत उडणारा आणि आतल्या वैमानिकाचं ऐकणारा ड्रोन साथीदार. माझ्या मते हाच रस्ता बरोबर आहे. एक माणूस आणि त्याच्या हुकमात दोन-चार यंत्रं, आणि लिंक लांबच्या उपग्रहाशी नसून नजरेच्या टप्प्यातल्या विमानाशी. तुझ्या घरापासून जवळ, महापे एमआयडीसीत आयडियाफोर्ज ही कंपनी लष्करासाठी ड्रोन बनवते. इंटर्नशिपसाठी अर्ज करून बघ. आणि एक विषय पक्का धर: सुटे भाग. चिनी भाग सापडले म्हणून लष्कराने २०२५ मध्ये चारशे ड्रोनचे करार रद्द केले. ज्या चिपमध्ये काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही, तिच्या हातात बंदूक द्यायची नाही.

लग्नांचं ड्रोन शूटिंग करतो. असं कौशल्य सैन्यात कामाला येतं का?
– फोटोग्राफर, कळवा

येतं. पायदळाच्या बटालियनमध्ये आता 'अश्नी' नावाच्या ड्रोन पलटणी उभ्या राहताहेत, त्यामुळे हात बसलेल्या मुलांना मागणी आहे. मात्र भरती नेहमीच्याच मार्गाने होते, वयाची अट बघून घ्या. तुमच्या सध्याच्या धंद्यासाठी एक सूचना: नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-पनवेल पट्ट्यातली ड्रोन उडवायची क्षेत्रं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. नवरदेवाची वरात कितीही जोरात असली तरी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका.

आम्ही करंजाचे कोळी. समुद्रावर आता ड्रोन पहारा देतात असं ऐकतो. रात्री आमची बोट त्यांना अतिरेक्याची वाटली तर?
– ट्रॉलर मालक, करंजा, उरण

दादा, तुमची भीती रास्त आहे. २००८ ला 'कुबेर' ही मासेमारी बोटच वापरून ते दहाजण मुंबईत आले, त्यामुळे बोटीकडे संशयाने बघणं आता सुटणार नाही. पण नौदल जे ड्रोन समुद्रावर उडवतं, ते बघायच्या कामाचे. नोव्हेंबर २०२० पासून तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून दोन सी गार्डियन ड्रोन भाड्याने घेऊन उडवले जातात. त्यातला एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात कोसळला. तीस तासांहून जास्त वेळ पाण्यावर नजर ठेवायची, हे काम माणसाच्या डोळ्यांना झेपणारं नाही. इथे मी पूर्णपणे यंत्राच्या बाजूने आहे.

हे कसं चालतं ते 'रुएन' जहाजाच्या उदाहरणाने सांगते. मार्च २०२४, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर. सोमाली चाच्यांनी बळकावलेलं हे जहाज नौदलाच्या उंचावरच्या ड्रोनने आणि पी-८आय टेहळणी विमानाने नजरेखाली ठेवलं. आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने जवळ जाऊन छोटा ड्रोन सोडला, तर चाच्यांनी तो गोळ्या घालून पाडला. आपलं एक यंत्र गेलं, पण जहाजावर बंदूकधारी आहेत हे पक्कं झालं. मग हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसकट समुद्रात उतरवले. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी जिवंत सुटले, आणि त्या ३५ जणांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. जहाजावर सतरा निरपराध असताना चढायचं कसं, कधी, गोळी चालवायची की नाही, हे सगळं माणसांनी जागेवर ठरवलं.

माणूस चुकतच नाही असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून आपल्या दोन कोळ्यांना मारलं, ते तुम्ही विसरला नसाल. पण तिथे जाब विचारायला दोन माणसं होती, नावानिशी. खटला उभा राहिला, नुकसानभरपाई मिळाली. यंत्राने स्वतः ठरवून गोळी झाडली तर तुमच्या बायकोने कुणाच्या दारात जायचं? हा प्रश्न दिल्लीत तुमच्या मच्छीमार संस्थांनीही विचारला पाहिजे, आणि ड्रोन शस्त्रधारी व्हायच्या आत विचारला पाहिजे. तोवर बोटीवरचा ट्रान्सपाँडर चालू ठेवा, बॅटरी वाचवायला बंद करू नका. खलाशांची ओळखपत्रं आणि बोटीचा ठरलेला रंग यात हयगय नको.

११ ऑक्टोबर २०२४ ला उलव्याच्या नव्या धावपट्टीवरून सुखोई गेलं, ते बघून आल्यापासून मुलगा फायटर पायलटच व्हायचं म्हणतो. आता अकरावी सायन्सला आहे. हे म्हणतात, त्याची नोकरी लागेपर्यंत पायलटच उरणार नाहीत. धाकटी नववीत, ती म्हणते मीपण जाणार. काय करू?
– एक आई, ऐरोली

ताई, मिस्टरांना सांगा की पायलट उरतील. मुलगा बारावीनंतर एनडीएत गेला तर तीन वर्षं खडकवासला, मग दुंडिगलची अकादमी, मग जेटचं प्रशिक्षण. २०३० नंतरच तो स्क्वॉड्रनमध्ये पोचेल. तेजसची आणखी ९७ विमानं सप्टेंबर २०२५ मध्ये मागवली आहेत आणि 'अॅम्का' या पुढच्या विमानाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ही विमानं पुढची काही दशकं उडणार. त्याचं काम मात्र बदललेलं असेल. सोबतचे ड्रोन तोच चालवेल.

समजा डोळ्यांमुळे किंवा चाचणीमुळे कॉकपिट हुकलं, तरी दार बंद होत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला हवाई दलाने 'वेपन सिस्टिम्स' ही नवी शाखा जाहीर केली. स्वातंत्र्यानंतरची ही पहिलीच नवी लढाऊ शाखा, आणि दूरनियंत्रित विमानं चालवणारे तिच्यात येतात. त्याला ती दुय्यम वाटू देऊ नका. बालाकोटनंतरच्या चकमकीत स्क्वॉड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांनी जमिनीवरून कंट्रोलरचं काम केलं आणि युद्ध सेवा पदक मिळवलं. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ती बातमी आली तेव्हा मी ठाण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

मुलाने गणित आणि भौतिकशास्त्र धरून ठेवावं. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते. फ्लाइंगसाठीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून घाईने, तयारीशिवाय बसवू नका.

आणि धाकटीचं फक्त ओघात लिहिलंत, पण तिच्या हातात भावापेक्षा जास्त वेळ आहे. मी भरती झाले तेव्हा बाईला लढाऊ विमानात बसायची परवानगीच नव्हती. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली आहे. मुलींसाठीची सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकला सुरू झाली आहे, तिथे दहावीनंतर प्रवेश परीक्षा असते. पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल, तेव्हा जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि आतापासून तिला रोज पळायला न्या.